आधी अजिंक्यतारा

साताऱ्या-सांगलीकडच्या शाळा-कॉलेजांत गिर्यारोहणावर बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर दोन प्रकारची माणसं मागे थांबतात. मुलंमुली विचारतात, "सर, एव्हरेस्टला जायचंय, नाव कुठं द्यायचं?" थोड्या अंतरावर त्यांचे आईवडील असतात. त्यांना विचारायचं असतं, पैसे किती लागतील आणि जिवाला धोका किती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्ही शेवटच्या पायरीचे आहेत. पहिल्या पायरीबद्दल क्वचितच कुणी विचारतं, म्हणून हा लेख तिच्यापासून सुरू करतो आहे.

उदाहरण आपल्याच गावातलं घ्या. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी त्या लहान वयापासून सह्याद्रीत चढत होत्या आणि २०१२ साली त्यांनी उत्तराखंडातलं बंदरपूंछ केलं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढचा क्रमही बघा: ल्होत्से २०१८, मकालू २०१९, अन्नपूर्णा एप्रिल २०२१, कांचनजंगा मे २०२२. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि २०२० सालचा तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार त्यांना मिळाला. मला यात सगळ्यांत शिकण्याजोगं वाटतं ते एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्यामधलं पाच वर्षांचं अंतर. आठ हजारी शिखरांच्या यादीत ती पाच वर्षं कोरी दिसतात. शिक्षण, नोकरी, सराव, पैशांची जुळवाजुळव हे सगळं अशा कोऱ्या वर्षांतच होतं. तुमच्या वाट्यालाही अशी वर्षं येणार आहेत, हे धरूनच निघा.

आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवं आहे

"गिर्यारोहण करायचंय" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

- डोंगरभटकंती. सुट्टीच्या दिवशी किल्ले, वर्षातून एखादा हिमालयातला ट्रेक. यासाठी महिनाभराचा कोर्स लागत नाही. चांगली सोबत, नकाशा वाचता येणं आणि प्रथमोपचार एवढं पुरतं.
- तांत्रिक चढाई. दोर, हार्नेस, बर्फ, कातळ. इथं रीतसर प्रशिक्षणाला पर्याय नाही. मित्राकडून किंवा व्हिडिओ बघून दोर लावायला शिकू नका.
- पोटापाण्याचं क्षेत्र. प्रशिक्षक, मोहिमेचा नेता, बचावकार्य. यासाठी बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्सच्या पुढचे कोर्स लागतात आणि वर्षं लागतात.

वयाचा बाऊ करू नका. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले संभाजी गुरव पोलिस दलातली नोकरी सांभाळून २०२१ साली एव्हरेस्टवर पोहोचले. चाळिशीत असाल तर तुमची तयारी संथ होईल, एवढाच फरक.

पहिलं वर्ष घराजवळच काढा

सातारकरांना घरातून बाहेर पडलं की अजिंक्यतारा आहे. शहरापासून साधारण ३०० मीटरची चढाई. आठवड्यातून तीनदा वर जा, पण त्यातल्या एका दिवशी पाठीवर सॅक असू द्या. पहिल्या महिन्यात पाच किलो, मग हळूहळू दहा-बारा. सॅकेत पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर गेल्यावर ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार येत नाही. माझ्या पाहण्यात चढताना जायबंदी झालेले फार कमी आहेत. गुडघे जातात ते उतरताना, तेही शेवटच्या अर्ध्या तासात, घर दिसायला लागलं की.

अजिंक्यतारा अंगवळणी पडला की सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, चंदन-वंदन, वैराटगड, पांडवगड अशी पुढची रांग लावा. केंजळगड आणि कमळगड त्यानंतर. सांगलीकरांना थोडं लांब जावं लागतं. मिरजेजवळचा दंडोबा, वाळव्यातले मच्छिंद्रगड आणि मल्लिकार्जुनाचा डोंगर, खानापूरकडचा बाणूरगड ही ठिकाणं सुरुवातीला पुरेशी आहेत. जत, कवठे महांकाळकडच्या मुलांनी डोंगर नाही म्हणून अडून बसू नये. चार मजली इमारतीचा जिना आणि पाठीवर वजन, दिवसाला ४० मिनिटं, हा सराव हिमालयात उपयोगी पडतो.

वासोटा मात्र या यादीत लगेच घालू नका. तो कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. बामणोलीहून शिवसागर ओलांडून बोटीनं जावं लागतं, वनविभागाची परवानगी लागते आणि गडावर मुक्कामाला मनाई आहे. परतीची बोट गाठायची असते, म्हणजे वेळेचं गणित चुकवून चालत नाही. शिकण्यासाठी उत्तम जागा आहे, पण वेळ पाळायची सवय लागल्यावर.

पहिल्या वर्षात या गोष्टी हाताखालून जायला हव्यात:

- निघण्याआधी घरी एका कागदावर लिहून ठेवणं: कुठं, कोणत्या वाटेनं, कोणासोबत, किती वाजता परत.
- डोक्याला बांधायची बॅटरी आणि जादा सेल. दिवसाच्या ट्रेकलासुद्धा.
- माणशी किमान तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, शिट्टी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, हा मदतीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तो सगळ्यांना पाठ हवा.
- आग्या मोहोळ कुठं आहे ते खालच्या गावात विचारणं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळणं.
- ढोरवाट आणि माणसांची वाट यांतला फरक ओळखणं. गुरांची वाट चाऱ्याकडे जाते, गावाकडे जाईलच असं नाही.

परत फिरायची वेळ घरीच ठरवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. ते मी चूक करून शिकलो.

वीसेक वर्षांचा होतो. ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच जण कमळगडाला निघालो. एसटी उशिरा आली, म्हणून चढायलाच उशीर झाला. वर पोहोचायला साडेचार वाजले. परत फिरू या, असं मधल्या टप्प्यावर दोघांच्या मनात आलं होतं, हे नंतर कळलं. त्या वेळी कुणी बोललं नाही, कारण एवढं येऊन गड न बघता जायचं कसं. उतरताना झाडीत अंधार झाला. पाच जणांत एक बॅटरी, तिचेही सेल पिवळे पडलेले. मी पुढं होतो आणि मळलेली वाट बघून खुशाल चाललो होतो. ती ढोरवाट होती. एका जागी गवत संपल्यासारखं वाटलं म्हणून बॅटरी समोर धरली, तर उजेड कुठं पडेचना. खाली नाही, समोर नाही. दोन पावलांवर कडा होता.

आम्ही तिथंच बसलो, मग चार पायांवर मागे सरकत वर आलो आणि कुत्र्याच्या आवाजाच्या रोखानं एका धनगरवस्तीवर पोहोचलो. त्या घरानं आम्हाला भाकरी दिली, घोंगडी दिली. रात्रभर झोप आली नाही. चूक अंधाराची नव्हती, बॅटरीचीही नव्हती. एसटी उशिरा आली त्याच क्षणी बेत बदलायला हवा होता. आमच्याकडे बेत बदलायचा नियमच नव्हता.

तेव्हापासून आमच्या गटात दुपारी १ चा नियम आहे. माथा हाताच्या अंतरावर असला तरी १ वाजता तोंड खाली. किती वाजता ते तुमच्या वाटेप्रमाणे ठरवा, पण ठरवा ते घरी, पायऱ्यांवर बूट घालताना. डोंगरावर ठरवायला गेलात तर माथा समोर दिसत असतो, पैसे खर्च झालेले असतात आणि सोबतच्यांपुढं कमीपणा नको असतो. त्या वेळी डोकं बरोबर सल्ला देत नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर हेच झालं. दुपारी २ च्या सुमारास परतायचं, हा संकेत अनुभवी नेत्यांना माहीत होता. तरीही अनेक जण २ नंतर वर चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि त्या एका फेऱ्यात आठ जण गेले. कमळगडावर आणि एव्हरेस्टवर माणसाचं मन सारखंच फसतं. म्हणून हा धडा कमळगडावर शिकून घ्यावा. इथं चूक झाली तर निदान भाकरी मिळण्याची आशा असते.

परत फिरण्याचा नियम पाळण्यासाठी तीन गोष्टी करा. वेळ सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा. घड्याळ सांभाळायला नेत्याऐवजी दुसऱ्या कुणाला नेमा. आणि गटातल्या सगळ्यांत नवख्या माणसाला "मला बरं वाटत नाही" असं म्हणायचा हक्क आहे, हे निघताना स्पष्ट बोला. त्याच्या शब्दावर गट थांबला पाहिजे, त्याची थट्टा होता कामा नये.

दोनशे पानी वही

प्रत्येक चढाईनंतर त्याच रात्री एक पान लिहा. मी मुलांना चार ओळी सांगतो: किती वाजता काय झालं, कुठं भीती वाटली, कुठला अंदाज चुकला, पुढच्या वेळी काय बदलणार. "खूप मजा आली" लिहिलंत तर पान वाया गेलं. "दोन लिटर पाणी १२ वाजताच संपलं, कारण दक्षिणेची सोंड उन्हात आहे" हे लिहिलंत तर ते पुढच्या वर्षी कामाला येतं. पन्नास पानं झाली की स्वतःच्या सवयी तुम्हाला दिसायला लागतात. मला माझ्या वहीत दिसलं की मी नेहमी उतरायच्या वेळेचा अंदाज अर्ध्या तासानं कमी धरतो. तोंडी कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.

प्रशिक्षण कुठं आणि कसं

देशातल्या मान्यवर संस्था थोड्या आहेत: दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (१९६५), मनाली आणि पहलगाम इथल्या संस्था, अरुणाचलातली दिरांगची संस्था. सगळ्या सरकारी व्यवस्थेतल्या आहेत, त्यामुळे शुल्क खासगी मोहिमांच्या मानानं पुष्कळ कमी असतं. पुण्यात गिरिप्रेमीनंही प्रशिक्षण संस्था उभी केली आहे. आपल्याकडून ती जवळ पडते.

- बेसिक कोर्स साधारण २६ ते २८ दिवसांचा असतो. कातळ, बर्फ, हिमनदी, गाठी, तंबूतलं राहणं, सगळं त्यात येतं.
- अॅडव्हान्स कोर्ससाठी बेसिकमध्ये "ए" श्रेणी लागते. म्हणून बेसिकला "बघू तर खरं" म्हणून जाऊ नका, तयारीनं जा.
- जागा महिनोन् महिने आधी भरतात. ज्या मे महिन्यात जायचं आहे त्याच्या आदल्या वर्षीच अर्ज करा. वयाच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या आहेत, माहितीपत्रक नीट वाचा.
- वैद्यकीय तपासणी मनापासून करून घ्या. ओळखीच्या डॉक्टरांची नुसती सही आणू नका. दमा, फिट, हृदयाचा त्रास लपवलात तर तुमच्यासोबत दोराला बांधलेल्या माणसाचाही जीव धोक्यात येतो.

पालकांना खरं तेच सांगायला हवं. प्रशिक्षणातही धोका शून्य नसतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेच्या अॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि प्रशिक्षणार्थी-प्रशिक्षक मिळून २५हून अधिक जण दगावले. चांगली संस्था आणि चांगले प्रशिक्षक धोका कमी करतात, नाहीसा करत नाहीत. हे ऐकूनही मुलगा किंवा मुलगी जायचं म्हणत असेल, तर त्याच्याशी किंवा तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोला.

सह्याद्री जे शिकवू शकत नाही

महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढं सुरू होतो. म्हणजे आपण सह्याद्रीत कितीही फिरलो तरी आपलं शरीर उंचीवर कसं वागेल, हे इथं कळत नाही. मॅरेथॉन पळणारा तरुण ३,५०० मीटरवर आडवा झालेला आणि त्याची आई चहा पीत बसलेली मी पाहिली आहे. दमसास आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी. डोकं दुखणं, मळमळ, जेवण न जाणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना वर जायचं नाही. चालताना झोक जाणं, बरळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं ही पुढची पायरी. तेव्हा सकाळची वाट बघत बसू नका, त्याच क्षणी माणसाला खाली आणा. ट्रेकच्या जाहिरातीत दिवस कमी करून स्वस्त केलेला कार्यक्रम दिसला तर आधी हे गणित कागदावर मांडून बघा.

पैसे भरण्याआधी

एव्हरेस्टचा नेपाळ सरकारचा नुसता परवानाच सप्टेंबर २०२५ पासून १५,००० डॉलर झाला आहे. बाकीचा खर्च धरला तर आकडा कित्येक लाखांत जातो. त्यापायी जमीन गहाण टाकायला निघालेली घरं मला माहीत आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, थांबा. आधी बेसिक, अॅडव्हान्स, मग सहा हजारी, सात हजारी शिखर. तेवढं झालं की प्रायोजक मिळवायला तुमच्याकडे दाखवण्याजोगं काही असतं. बातमीच्या घाईचं पुढचं टोकही आपण पाहिलं आहे. २०१६ साली महाराष्ट्रातल्याच एका जोडप्यानं एव्हरेस्टच्या माथ्यावरची बनावट छायाचित्रं दाखवली आणि नेपाळनं त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली.

छोट्या ट्रेकसाठीही आयोजकाला हे विचारा:

- महाराष्ट्राच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का?
- गटामागे प्रशिक्षित नेते किती, आणि त्यांचे कोर्स कोणते?
- वाटेत कुणाला लागलं तर सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथं नेणार कसं? याचं उत्तर लगेच आलं नाही तर पैसे भरू नका.
- विमा कुणाचा, कशाचा? तुमच्या घरच्या पॉलिसीतल्या वगळलेल्या बाबी वाचा, साहसी खेळ त्यात आहेत का बघा.
- कार्यक्रम रद्द झाला तर पैसे किती आणि कधी परत? लेखी घ्या.

"मी माझ्या जबाबदारीवर येत आहे" अशा कागदावर सही घेतात. त्या सहीनं आयोजकाच्या हलगर्जीपणाबद्दल दाद मागायचा तुमचा हक्क संपत नाही. ट्रेक ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. पैसे बुडाले किंवा कबूल केलेली सुरक्षा मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जा. २०१९च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आयोजक मुंबईचा असला तरी सातारा किंवा सांगली चालेल. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. पावती, मेसेज, जाहिरात जपून ठेवा.

अपघात झाला तर ११२ ला फोन करा आणि नेमकी जागा सांगा: कोणता डोंगर, कोणत्या गावाची बाजू. आपल्याकडे दऱ्यांत उतरणारी माणसं आहेत. २०१८ साली आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा महाबळेश्वरच्या ट्रेकर्सनी दोर लावून खोल दरीत काम केलं होतं. त्यांच्यासारख्या गटात वर्षभर हातभार लावा. खरं शिक्षण तिथं होतं.

हुकलं तर

कधीतरी शिखर हुकेल, श्रेणी हुकेल, दुखापत होईल. तेनसिंग १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले तो त्यांचा सातवा प्रयत्न होता. १९३५, १९३६ आणि १९३८ साली ते हमाल म्हणून वरपर्यंत ओझी नेत होते, १९४७ साली एका हौशी गिर्यारोहकाबरोबर गेले, १९५२ साली स्विस तुकडीबरोबर वसंतात एकदा आणि शरदात पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी ते डोंगराचा आणखी थोडा भाग पाहून आले. १९५३ साली त्या डोंगराची त्यांच्याइतकी ओळख तुकडीत दुसऱ्या कुणाला नव्हती.

म्हणून परत आल्यावर आठवडाभर निर्णय घेऊ नका. झोपा, जेवा, सोबत असलेल्या माणसाशी बोला. मग वही उघडा आणि जे हुकलं त्यातलं तुमच्या हातातलं काय होतं, तेवढंच वेगळं काढा. हवामान तुमच्या हातात नव्हतं. बूट आधी वापरून मऊ केले होते की नाही, हे होतं.

आमच्या गटातल्या कोरेगावकडच्या एका मुलीला बेसिकमध्ये "बी" मिळाली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. त्यात लिहिलं होतं: "सकाळी बोटं बधिर झाल्यावर फिगर-ऑफ-एट गाठ मारायला वेळ लागला, दोनदा सोडून पुन्हा मारली." बाकी सगळं चांगलं होतं. मग त्या हिवाळ्यात तिच्या अंगणात बर्फाचे खडे घातलेली बादली ठेवली. पाच मिनिटं हात आत, मग हातमोजे चढवून गाठ. सुरुवातीला तिला दीड मिनिट लागायचं. फेब्रुवारीपर्यंत ती डोळे मिटून वीस सेकंदांत मारायला लागली. पुन्हा अर्ज करता येईल का, हे तिनं संस्थेला पत्र लिहून विचारलं आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही आधी पत्र लिहा आणि उत्तराची वाट बघताना बादली भरून ठेवा.